दोन ओळींच्या पोस्टला ३१ महिने तुरुंग: युरोपात तोंड उघडायचं की नाही?

लीड्सचा लिंबू:

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं टाकतो. मी ११ वर्षं इंग्लंडात लीड्सला आहे आणि मत काँझर्व्हेटिव्ह या उजव्या पक्षाला देतो (हो, भारतीय पासपोर्टवर इथे मत देता येतं, कॉमनवेल्थची कृपा, आपल्यातल्या निम्म्यांना हे माहीतच नसतं). तर २९ जुलै २०२४ ला साउथपोर्टला लहान मुलींच्या डान्स क्लासमध्ये घुसून एका पोराने तीन मुलींना भोसकून मारलं. त्या संध्याकाळी नॉर्थॅम्प्टनच्या एका बाईने, घरी पोरं सांभाळणारी बाई, नवरा आमच्याच पक्षाचा नगरसेवक, एक्सवर लिहिलं की सगळ्यांना हाकला, आणि निर्वासित ठेवलेल्या हॉटेलांना आग लावली तरी मला काही फरक पडत नाही. पोस्ट घाणेरडी होती, मी घरात मोठ्याने वाचून दाखवणार नाही. पण तिने साडेतीन तासांत ती स्वतः काढली. तरी ऑक्टोबरमध्ये ३१ महिने तुरुंग! इथे घरफोडी करून लोक त्याहून कमीत सुटतात हो.

दुसरी केस बॉर्नमथची. एक माजी सैनिक गर्भपाताच्या दवाखान्याजवळ झाडापाशी उभा राहून मनातल्या मनात प्रार्थना करत होता. बोर्ड नाही, घोषणा नाही, कोणाला अडवलं नाही. तर कोर्टाने दोषी ठरवलं आणि वर ९ हजार पौंड खर्च भर म्हणाले. अरे, मनात काय चाललंय ते विचारायचा अधिकार पोलिसांना कोणी दिला? फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेचा उपाध्यक्ष व्हान्स म्युनिकला येऊन हीच केस सांगून गेला आणि म्हणाला की युरोपाला खरा धोका रशिया-चीनचा नाही, आतला आहे. सगळे त्याच्यावर तुटून पडले, पण चुकीचं काय बोलला ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

माझं म्हणणं एवढंच, लोकांना इमिग्रेशनबद्दल तोंडाने बोलू दिलं नाही की मग ते दगडाने बोलतात.

सदाफुली:

लिंबूभाऊ, दगडाने बोलले ना, आणि कोणावर ते लिहायला विसरलात. त्या मुलींना मारणारा पोरगा जन्मला इथेच, कार्डिफमध्ये, आईबाप रवांडाचे. इंग्लिश खाडी ओलांडून होडीतून आलेला नाही, मुसलमान निर्वासित तर नाहीच. पण एक खोटं नाव नेटवर फिरलं आणि दुसऱ्या दिवशी साउथपोर्टच्या मशिदीवर विटा. त्याच आठवड्यात रॉदरहॅमच्या हॉटेलच्या दाराला कचऱ्याचा डबा लावून पेटवला, आत माणसं होती. म्हणजे "हॉटेलं जाळा" हे कोणी पारावर बसून तंबाखू मळताना बोललेलं वाक्य नव्हतं, ३ लाखांवर लोकांनी पाहिलेली पोस्ट होती आणि हॉटेलं खरंच जळायला लागली होती. शिवाय बाईंनी गुन्हा कबूल केलाय, मे २०२५ मध्ये अपील पण फेटाळलं. हे सगळं गाळून नुसतं "दोन ओळी" म्हणायचं म्हणजे ताटातली फक्त पापडी दाखवून जेवण झालं म्हणण्यासारखं आहे.

आणि ते "मनात प्रार्थना" प्रकरण. दवाखान्यात जाणाऱ्या बाईच्या बाजूने बघा जरा. तिच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस, आणि समोर कोणी मान खाली घालून तुझ्यासाठी प्रार्थना करतोय. तिला कळतं हो कशासाठी उभा आहे ते. दवाखान्याभोवतीच्या त्या पट्ट्यात अशा प्रार्थनेला बंदीच होती, आणि ऑफिसर पाऊण नाही, तासाहून जास्त वेळ त्याला तिथून हलायला सांगत होता.

लीड्सचा लिंबू:

सदाफुलीताई, रॉदरहॅमवाल्यांना आत टाकलं ते बरोबरच केलं, त्याबद्दल मी ब्र काढलाय का? हात चालवणारा आणि तोंड चालवणारा यांत फरक हवा एवढंच म्हणतोय. इथे आक्षेपार्ह मेसेजवरून वर्षाला १२ हजारांच्या वर अटका होतात, २०२३ चा आकडा आहे, दिवसाला तीस-एक. शिक्षा त्यातल्या फार थोड्यांना होते. म्हणजे बाकीच्यांना नुसतं सकाळी सकाळी दारावर पोलीस बघायचा. आमच्या गल्लीतला म्हातारा, सत्तरीचा, त्याने फेसबुक बंदच करून टाकलं, म्हणतो कोण ती कटकट.

खवट खारीक:

त्या १२ हजारांत बायकोला धमक्या देणारे नवरे आणि सोडून गेलेल्या मैत्रिणीच्या मागे लागलेले विकृत पण आहेत, ते तुमचे यूट्यूबवाले सांगत नाहीत.

बाकी व्हान्ससाहेब म्युनिकला बोलून घरी गेले आणि सहा आठवड्यांच्या आत त्यांच्याच सरकारने एका तुर्की विद्यार्थिनीला भर रस्त्यात तोंड झाकलेल्या माणसांकरवी उचललं. कशासाठी? कॉलेजच्या पेपरात गाझावर लेख लिहिला म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान.

इसारकाठची मावशी:

मी म्युनिकमध्ये राहते त्यामुळे दोन शब्द लिहायचा हक्क आहे असं समजते. व्हान्स बोलला त्याच्या आदल्या दिवशी इथे एका अफगाण तरुणाने कामगारांच्या मोर्चात गाडी घातली. एक आई आणि तिची दोन वर्षांची मुलगी दोन दिवसांनी गेल्या. मी त्या भागातून ट्रामने जाते. फुलं, मेणबत्त्या, आणि मध्ये एक कापडी ससा पावसात भिजून काळा पडलेला. ट्राममध्ये कोणी एक शब्द बोलत नव्हतं. ऑफिसात सुद्धा "भयंकर झालं" याच्या पुढे कोणी जात नव्हतं, कारण पुढचं वाक्य काय येईल आणि समोरच्याला आपण कोण वाटू याची भीती. मला पण होती, मी स्वतः बाहेरची असून! दहा दिवसांनी निवडणूक झाली आणि एएफडीला, म्हणजे इथल्या स्थलांतरविरोधी कट्टर उजव्या पक्षाला, २०.८ टक्के, दुसरा नंबर. ट्राममध्ये न बोललेलं लोक मतपेटीत बोलले, असं मला वाटतं. तेवढ्यापुरतं लिंबूचं म्हणणं पटतं.

आणि शांपूची गोष्ट ऐकलीय का? श्वार्त्सकोफ्फ नावाचा इथला प्रसिद्ध ब्रँड, त्याच्या लोगोत दोन अक्षरं फिरवून कोणीतरी तेव्हाचे मंत्री हाबेक यांचा फोटो लावला, श्वाखकोफ, म्हणजे मंदबुद्धी. बव्हेरियातल्या एका निवृत्त माणसाने ते शेअर केलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये सकाळी घरी पोलीस, टॅबलेट जप्त. इथे राजकारण्याचा अपमान हा वेगळा गुन्हा आहे, कलम १८८. त्या माणसावर नाझी काळातल्या फोटोवरून दुसराही संशय होता हे खरं, पण झडतीच्या कागदावर शांपूच होता. झालं काय, तर जो जोक शे-दोनशे लोकांनी पाहिला असता तो अख्ख्या जर्मनीने पाहिला.

पनवेलचा वकील:

सगळे इंग्लंड-जर्मनी करताय, पालघर विसरलात वाटतं. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब गेले, मुंबई बंद. एका मुलीने फेसबुकवर लिहिलं की बंद कशाला, आणि मैत्रिणीने ते लाइक केलं. दोघींना अटक! लाइक केलं म्हणून अटक, आणि काकांचा दवाखाना फोडला तो वेगळाच. कलम कुठलं, तर आयटी कायद्याचं ६६ अ. आणि त्या ६६ अ ची भाषा उचलली कुठून होती? ब्रिटिशांच्या २००३ च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टच्या कलम १२७ मधून, ज्याखाली लिंबूचे ते अटकवाले बरेचसे येतात. आपल्या सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला ६६ अ रद्द केलं, कारण "त्रासदायक" आणि "आक्षेपार्ह" याचा अर्थ ठाणे अंमलदाराच्या मूडवर ठरतो. मूळ कलम मात्र विलायतेत अजून चालू आहे. नक्कल आपण फाडली, मूळ प्रत त्यांनी जपून ठेवलीय.

पण लिंबूराव, तुमच्या बाईंना १२७ लागलं नव्हतं. त्यांना लागलं १९८६ च्या पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्टचं, वंशद्वेष भडकवण्याचं, जे मॅडम थॅचर यांच्या काळातलं. म्हणजे तुमच्याच पक्षाचं अपत्य.

लीड्सचा लिंबू:

हा हा, वकीलसाहेब, मान्य. पक्षाचं अपत्य म्हणून कुरूप नाही असं थोडंच आहे.

बरं हे घ्या. फेब्रुवारी २०२५, लंडन, तुर्की वकिलातीबाहेर एकाने कुराण जाळलं. एक जण चाकू घेऊन त्याच्या अंगावर धावून गेला. जूनमध्ये कोर्टाने दंड कोणाला केला, तर जाळणाऱ्याला, २४० पौंड, आणि "याच्यामुळे शांतता बिघडली" याला पुरावा म्हणून काय वापरलं, तर तो हल्ला! ईशनिंदेचा कायदा इंग्लंडने २००८ मध्ये काढला, तो मागच्या दाराने आत आला की नाही? ऑक्टोबरमध्ये अपिलात निकाल फिरला म्हणून वाचला, नाहीतर उद्यापासून चाकू काढला की कायदा तुमच्या बाजूने.

सदाफुली:

या केसमध्ये मी तुमच्यासोबत आहे, लिहून ठेवा, परत परत होणार नाही. पण मग ९ ऑगस्ट २०२५ ला पार्लमेंटसमोर एका बंदी घातलेल्या पॅलेस्टाइनवाल्या संघटनेला पाठिंब्याचे नुसते बोर्ड धरून बसलेल्या ५०० च्या वर लोकांना उचललं, त्यात साठी-सत्तरीचे आजी-आजोबा, तेव्हा तुमचे फ्री स्पीचवाले भाष्यकार कुठल्या बीचवर होते? मी रोज त्यांचे कॉलम वाचते. बहुतेकांनी पोलिसांना शाबासकी दिली.

लीड्सचा लिंबू:

काहींनी दिली. मी दिली नव्हती.

खवट खारीक:

तुम्ही दिली नव्हती कारण तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं.

आता जरा आकडे. रबरी होड्यांतून २०२४ मध्ये आले साधारण ३७ हजार. आणि नेट मायग्रेशन, म्हणजे आलेले वजा गेलेले, जून २०२३ पर्यंतच्या वर्षात ९ लाखांच्या वर गेलं होतं, व्हिसावर, रांगेत उभं राहून, फी भरून, आणि त्यात भारतीय सगळ्यात पुढे. तेव्हा सत्तेत कोण? ब्रेक्झिटवाले काँझर्व्हेटिव्ह. व्हिसाचं दार सताड उघडायचं आणि टीव्हीवर खिडकीतल्या होड्या दाखवायच्या. लिंबू, तुमचे ते भाष्यकार "फार झाले" म्हणतात ना, ते होडीवाल्यांबद्दल म्हणतात असं तुम्हाला वाटतं. ते तुमच्याबद्दल पण म्हणतात, फक्त तुमच्यासमोर म्हणत नाहीत.

इसारकाठची मावशी:

खारीक, टोचून लिहिलंत पण खरं आहे. तरी एक सांगते, जास्त माणसं आली की शाळेत जागा, डॉक्टरची अपॉइंटमेंट, घरभाडं, यावर बोलणारा प्रत्येक जण द्वेष करणारा नसतो. डेन्मार्कला बघा, तिथे डावे सोशल डेमोक्रॅट्सच, त्यांच्या नेत्या फ्रेडरिक्सनबाई, सगळ्यात कडक नियमवाले. आणि त्याच डेन्मार्कने २०१७ मध्ये ईशनिंदा काढून टाकली आणि डिसेंबर २०२३ मध्ये कुराण जाळायला बंदी आणली. एका घरात दोन्ही. उजवे-डावे असे कप्पे करून युरोप समजत नाही हो.

रात्रपाळी:

दोन तास वाचतेय, शेवटी लिहिते. मी नर्स आहे, इंग्लंडमध्ये, गाव सांगत नाही. मे २०२५ ला सरकारने कायमच्या राहण्यासाठी ५ च्या ऐवजी १० वर्षं करायचं जाहीर केलं, माझी ४ झाली होती. पंतप्रधान त्या दिवशी "अनोळखी लोकांचं बेट" असं काहीतरी बोलले, हे डावीकडचे लेबरवाले बरं का, नंतर म्हणे पश्चात्ताप झाला. त्या रात्री वॉर्डात एक आजोबा, मी त्यांचं सलाईन बदलत होते, मला म्हणाले तुमच्यासारखे फार झालेत, पण तू चांगली आहेस. मी उशी नीट केली. मला त्यांना तुरुंगात नाही टाकायचं, बोलू देत. पण मला पण बोलायचं होतं की काका, मी नसते तर ही सुई कोणी लावली असती, आणि ते मी बोलले नाही कारण तक्रार झाली तर नोकरी, नोकरी गेली तर व्हिसा. माझ्या फ्री स्पीचवर कोणाचा कॉलम येतो का ते सांगा. लिंबूदादा, एक विचारायचं होतं, अर्जाच्या वेळी फेसबुक वगैरे तपासतात का? मागे एका मोर्चाच्या फोटोला लाइक केलं होतं.

लीड्सचा लिंबू:

ताई, माझ्या वेळी तरी कोणी काही विचारलं नव्हतं, पण त्याला आता बरीच वर्षं झाली. ओळखीच्या वकिलाला विचारून खाजगी निरोप पाठवतो. तोपर्यंत ते लाइक राहू द्यायचं की काढायचं, मला खरंच सांगता येत नाही.

पनवेलचा वकील:

काढू नका. पण स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.