माहुलच्या चिमण्यांमधला कार्बन डायऑक्साइड पॉलिहाऊसला देता येईल का?

वाशीनाका_वैशाली

नमस्कार मंडळी. मी चेंबूरला वाशीनाक्याजवळ राहते, गच्चीवर गेलं की माहुलच्या रिफायनऱ्यांच्या चिमण्या समोर दिसतात. माझ्या भावाचं वडगाव मावळला दहा गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे, रंगीत ढोबळी मिरची घेतो. त्याला कुणीतरी सांगितलंय की आत कार्बन डायऑक्साइड सोडला तर माल वाढतो, हॉलंडमध्ये तसंच करतात. शोधलं तर कळलं की तिकडे तो वायू रिफायनरीतून पाइपने थेट शेतकऱ्याकडे जातो. तेव्हापासून हा विचार डोक्यातून जात नाहीये. इकडे रोज टनावारी वायू हवेत जातोय आणि घाटापलीकडे भाऊ त्याच वायूचे सिलिंडर विकत घ्यायला निघालाय. मुंबईतल्या कारखान्यांतून तो पकडून शेतकऱ्यांना का देता येत नाही? अडतंय ते पैशावर की आणखी कशावर? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा.

तळेगावचा_जरबेरा

ताई, भावाला आधी एक विचारा, पडदे किती वाजता उघडतो? आमच्याकडे नऊच्या आत बाजूचे पडदे गुंडाळले नाहीत तर आत भट्टी होते. मिरचीची तर फुलंच गळतील. वरची फट कायम उघडी, तिला फक्त कीडरोधक जाळी. एवढ्या उघड्या घरात सोडलेला वायू थांबणार कुठे? त्यापेक्षा बेडमध्ये चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर घालू दे. मातीत ते पुढे कुजत राहतं, रात्री थोडाफार वायू साठतो आणि सकाळच्या पहिल्या उन्हात झाडं तो घेतात.

निवृत्त_अमोनिया

वैशाली, माझी सगळी नोकरी ट्रॉम्बेला अमोनियाच्या प्लांटवर झाली, त्यामुळे या वायूशी रोजचा संबंध होता.

चिमणीतून निघतो तो धूर. त्यात कार्बन डायऑक्साइड साधारण दहावा हिस्सा, बाकी बहुतेक नायट्रोजन आणि वाफ, शिवाय नायट्रोजन आणि गंधकाचे ऑक्साइड. यातून वायू वेगळा काढायचा तर अमाइनच्या (हा वायू शोषून घेणाऱ्या रसायनाच्या) द्रावणाने धुवायचा आणि तो सुटावा म्हणून ते द्रावण पुन्हा वाफेने तापवायचं. खरा खर्च या वाफेचा. शिवाय इथिलीनचा अंश राहिला तर फुलगळ ठरलेली. अमोनियाच्या प्लांटवर मात्र हायड्रोजन बनवताना कार्बन डायऑक्साइड वेगळा करावाच लागतो, म्हणून तो जवळजवळ शुद्ध मिळतो. आमच्याकडे तो बहुतेक युरियातच खपायचा.

हॉलंडमध्येही कारखान्याच्या चिमणीचा धूर थेट देत नाहीत. तिथल्या ओकॅप योजनेत २००५ पासून रॉटरडॅमजवळच्या पर्निसच्या रिफायनरीतल्या हायड्रोजन प्लांटचा शुद्ध वायू येतो, नंतर त्यात बायोइथेनॉल कारखान्याचाही आला. रॉटरडॅम ते ॲमस्टरडॅम एक जुनी तेलाची पाइपलाइन पडून होती, ती त्यांनी वापरली.

आता भावाचा हिशेब. दहा गुंठे म्हणजे सुमारे १००० चौरस मीटर. सरासरी उंची ५ मीटर धरली तर आत ५००० घनमीटर हवा. बाहेर हा वायू असतो ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास, तो १००० वर न्यायला सव्वापाच किलो वायू पुरतो. फार स्वस्त वाटतं ना? पण पडदे उघडे असताना वारं असेल तर आतली हवा तासाला तीस-चाळीस वेळा बदलते. म्हणजे तीच पातळी राखायला तासाला दीडशे ते दोनशे किलो, तीस किलोचे पाच ते सात सिलिंडर. जरबेरावाल्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच. हॉलंडचे शेतकरी पूर्वी उन्हाळ्यात, उष्णता नको असतानाही, केवळ कार्बन डायऑक्साइडसाठी नैसर्गिक वायू जाळायचे. पाइपलाइन आली आणि ते जाळणं वाचलं. पर्यावरणाचा फायदा झाला तो तिथे. झाडाने घेतलेला वायू तर भाजी खाल्ली, पाला कुजला की परत हवेतच जातो. मावळात कुणी गॅस जाळतच नाही, मग वाचणार काय? माहुलचा वायू टँकरने घाटावर नेऊन तिथे हवेत सोडायचा, वर टँकरचं डिझेल. तुझी तळमळ मला पटते, चेंबूरची हवा आम्हीही आयुष्यभर घेतली आहे. पण या रस्त्याने ती सुधारणार नाही, आणि हे भावालाही स्पष्ट सांग.

वाशीनाका_वैशाली

काका, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. भावाला आजच फोन करते. एकच उपप्रश्न. माझा एक मित्र भांडुपला बंद गाळ्यात एलईडीवर लेट्यूस लावतो, एसी चालू असतो. तिथे तरी उपयोग होईल का?

निवृत्त_अमोनिया

तिथे होईल. लेट्यूस, टोमॅटो, काकडी यांना वाढीव वायू मानवतो. ऊस-मक्याला फारसा फरक पडत नाही. समज, ६०० चौरस फुटांचा गाळा, छत दहा फूट. १००० पीपीएमला दोनशे ग्रॅमही लागत नाही, पुढे झाडं खातील आणि फटींतून जाईल तेवढंच भरायचं. आधी मीटर घ्यायला सांग. माणूस तासाला तीस-चाळीस ग्रॅम वायू श्वासातून सोडतो. दोघे आत काम करत असतील तर पातळी आपोआप चढलेली असू शकते. स्वस्त विजेसाठी दिवे रात्री लावत असेल आणि आत कुणी नसेल, तर मात्र ती ४२० च्याही खाली उतरेल. सिलिंडरची खरी गरज त्या वेळी.

सिलिंडर गाळ्याबाहेर ठेवायचा. रेग्युलेटर हीटरवाला, वेल्डिंगवाल्यांकडे असतो तो, नाहीतर वायू सुटताना तोंडाशी बर्फ धरून अडकतो. वायू हवेपेक्षा जड आहे, खाली साचतो, म्हणून अलार्मचा एक सेन्सर जमिनीपासून फूटभर उंचीवर हवाच. आठ तास काम करणाऱ्या माणसासाठी मर्यादा ५००० पीपीएम. तिथे पोचायच्या आत व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला पाहिजे, यात तडजोड नको.

मीटरचे आकडे इथे टाकायला सांग, माणसं आत असतानाचे आणि नुसते दिवे असतानाचे वेगवेगळे. मग किती सोडायचा ते काढून देतो.