टर्मिनलवरून चार कोअर ऑफलाइन केले, तरी यंत्र तापायचे थांबत नाही

प्रश्न (रावेरहून)

नमस्कार. केळीच्या बागांची ड्रोनने काढलेली छायाचित्रे जोडून त्यांचा सलग नकाशा तयार करण्याचे काम मी करते. त्यासाठी चार कोअर (प्रोसेसरमधले हिशेब करणारे भाग) व आठ थ्रेडचा (एकेका कोअरवर एकाच वेळी चालणारे दोन कामांचे प्रवाह) इंटेल प्रोसेसर असलेला, उबुंटू या लिनक्स प्रणालीवर चालणारा डेस्कटॉप आहे. एका मोठ्या बागेचे काम रात्रभर चालते. परंतु सध्या वैशाखाचे ऊन आहे, खोलीवर पत्रा आहे आणि रात्री अकरा वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर चटका बसतो. प्रोसेसरचे तापमान ९८ अंशांपर्यंत चढते आणि मध्यरात्रीनंतर केव्हातरी यंत्र आपोआप बंद पडते. गेल्या आठवड्यात तीन रात्रींचे काम असे वाया गेले.

म्हणून सीपीयू ४ ते सीपीयू ७ हे चार टर्मिनलवरून ऑफलाइन केले. आधी सुडो (रूटचा, म्हणजे यंत्राच्या मुख्य वापरकर्त्याचा, अधिकार देणारी आज्ञा) लावूनही ‘परवानगी नाकारली’ असाच संदेश येत होता. शेवटी रूट होऊन प्रत्येकाच्या ‘ऑनलाइन’ फाइलमध्ये शून्य लिहिले, तेव्हा ते जमले. तापमान मात्र जेमतेम तीन अंशांनी उतरले. निम्मे कोअर बंद करूनही असे का व्हावे? शिवाय सीपीयू ० च्या फोल्डरमध्ये ‘ऑनलाइन’ नावाची फाइलच नाही, आणि यंत्र पुन्हा सुरू केले की बंद केलेले सगळे परत चालू होतात. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर १ (भुसावळहून)

ताई, आधी परवानगीविषयी. आपण ‘सुडो एको शून्य’ लिहून पुढे मोठेपणाच्या चिन्हाने (>) फाइल दिली असणार. त्या आदेशात सुडोचा अधिकार फक्त एकोला (मजकूर छापणाऱ्या आज्ञेला) मिळतो. फाइल उघडण्याचे काम त्याआधीच आपले साधे शेल (टर्मिनलवरच्या आज्ञा वाचणारा प्रोग्राम) करते आणि त्याला त्या फाइलवर लिहिण्याचा हक्क नसतो. म्हणून एकोचे उत्तर पाइपने (| या चिन्हाने) ‘सुडो टी’ला (टी ही मिळालेला मजकूर फाइलमध्ये लिहिणारी आज्ञा) द्यावे आणि फाइलचा पत्ता टीच्या पुढे लिहावा. याहून सोपे म्हणजे ‘सीएचसीपीयू’ ही आज्ञा: तिला उणे डी लावून ४-७ दिले की चारही ऑफलाइन होतात, उणे ई लावले की परत येतात. (इथे देवनागरीत लिहिले असले तरी टर्मिनलवर अक्षरे आणि अंक दोन्ही इंग्रजीच हवेत.)

सीपीयू ० हा यंत्र सुरू करणारा प्रोसेसर आहे. आपल्या नेहमीच्या इंटेल-एएमडी यंत्रांवर कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याला बंद करू देत नाही, म्हणून ती फाइल तिथे नसते. यात बिघाड काही नाही.

उत्तर २ (धुळ्याहून)

मूळ अडचण अशी आहे की आपण एकही कोअर बंद केलेला नाही. लिनक्स ज्याला सीपीयू ४ म्हणतो तो एक थ्रेड आहे, आणि आपल्यासारख्या प्रोसेसरवर तो बहुधा सीपीयू ० चाच जोडीदार असतो. तसाच ५ हा १ चा, ६ हा २ चा आणि ७ हा ३ चा. आपण चारही जोड्यांतला एकेक थ्रेड काढून घेतलात, त्यामुळे चारही कोअर जागेच राहिले, आणि ज्या गणिती भागांत उष्णता तयार होते ते उरलेल्या थ्रेडसाठी पूर्ण वेगाने राबत राहिले.

हे क्रमांक प्रत्येक यंत्रावर सारखे नसतात. काही ठिकाणी ० आणि १ ही जोडी असते, म्हणून अंदाजाने काही करू नये. सगळे ऑनलाइन असतानाच ‘एलएससीपीयू’ उणे ई लावून चालवावे आणि कोअरचा स्तंभ पाहावा. ज्या दोन ओळींत तोच क्रमांक दिसेल ती जोडी. थ्रेड ऑफलाइन झाला की त्याच्या ओळीत त्या जागी नुसती रेघ दिसते आणि जोडी ओळखता येत नाही. खरोखर दोन कोअर बंद करायचे असतील, तर आपल्याकडे बहुधा २, ३, ६ आणि ७ हे एकत्र बंद करावे लागतील.

सगळ्या जोड्यांतला दुसरा थ्रेड काढणे हाच हेतू असेल, तर ‘एसएमटी’ (एका कोअरवर एकाहून अधिक थ्रेड चालवण्याची सोय) फोल्डरमधल्या ‘कंट्रोल’ फाइलमध्ये ‘ऑफ’ लिहिले की एका ओळीत काम होते. २०१८ मध्ये एल१टीएफ ही सुरक्षेतील त्रुटी उघड झाली तेव्हा ही सोय कर्नलमध्ये आली. ती उष्णतेसाठी केलेली नाही.

उत्तर ३ (चोपड्याहून)

वरील विवेचन अचूक आहे, पण उष्णतेवर कोअर बंद करणे हा उपाय मला पटत नाही. कमी कोअर जागे असले की टर्बो (प्रोसेसरचा वेग आपोआप वाढवणारी सोय) त्यांना अधिक वेग देतो, वेगाबरोबर व्होल्टेज वाढते, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात खर्च होते. म्हणजे दोन कोअर बंद करून जे मिळवले त्यातले बरेचसे उरलेले दोन परत घेतात. त्याउलट आठही थ्रेड चालू ठेवून वेगाला मर्यादा घातली, तर काम थोडे लांबते आणि तापमान पुष्कळ उतरते. ‘सीपीयूपॉवर फ्रीक्वेन्सी-सेट’ला उणे यू लावून २.४ गिगाहर्ट्झ द्या, किंवा ‘इंटेल पीस्टेट’ फोल्डरमधल्या ‘नो टर्बो’ फाइलमध्ये १ लिहा. त्याआधी बंद केलेले सगळे ऑनलाइन आणा, आणि नकाशाचा प्रोग्राम नव्याने सुरू करा, कारण असे बरेच प्रोग्राम किती थ्रेड वापरायचे हे सुरू होतानाच ठरवतात.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपल्या सर्वांची मनापासून आभारी आहे. कोअरचा स्तंभ पाहिला. धुळ्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणेच जोड्या निघाल्या. काल रात्री आठही थ्रेड चालू ठेवून २.४ गिगाहर्ट्झची मर्यादा घातली. तापमान ८१ अंशांच्या वर गेले नाही. एरवी साडेसहा तासांत होणाऱ्या कामाला आठ तास लागले, पण सकाळी पाहिले तेव्हा नकाशा पूर्ण झालेला होता. ही मर्यादा कायम कशी ठेवावी?

उत्तर ४ (भुसावळहून)

ताई, सिस फोल्डरमध्ये (वरच्या ‘ऑनलाइन’, ‘नो टर्बो’ अशा फाइली याच फोल्डरमध्ये असतात) केलेले हे बदल यंत्र बंद झाले की पुसले जातात. तीच सीपीयूपॉवरची ओळ सिस्टिमडीच्या (यंत्र सुरू होताना प्रोग्राम चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) एका छोट्या सर्व्हिसमध्ये घालून ती सर्व्हिस ‘इनेबल’ करावी, म्हणजे यंत्र सुरू होताना ती आपोआप चालेल. पुढे कधी कोअरच कमी ठेवायचे झाले, तर बूटच्या ओळीत (यंत्र सुरू होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या सूचनांत) ‘मॅक्ससीपीयूज’ वापरावे, कारण त्याने थांबवलेले कोअर नंतर ऑनलाइन आणता येतात. ‘एनआर सीपीयूज’ने वगळलेले मात्र पुन्हा बूट केल्याशिवाय मिळत नाहीत. आणि पंख्यात केळीच्या बागेतली माती बसली आहे का, तेही एकदा झाकण उघडून पाहावे.