निवृत्त रेसच्या घोडीला मारवाडी घोडा लावावा का?

मखमलाबादकर: पुण्याच्या रेसमधून निवृत्त झालेली थरोब्रेड (रेसच्या घोड्यांची जात) घोडी घेतलीय, सात वर्षांची. द्राक्षबागेशेजारीच बांधतो. येवल्याच्या मंगळवारच्या बाजारात एक मारवाडी घोडा पाहिला, जीवच अडकला. तो लावला तर शिंगरू रेसला चालेल? की गाईसारखं कृत्रिम रेतन करू?

निफाडवाला: नाही दादा. आई-बाप दोघंही थरोब्रेडच्या स्टडबुकात, म्हणजे वंशावळीच्या नोंदवहीत, नोंदलेले लागतात. कृत्रिम रेतनाचं शिंगरू तर थरोब्रेड म्हणून जगात कुठेच नोंदत नाहीत. घोडा प्रत्यक्षच लावावा लागतो. म्हणून तर नामी घोड्याची फी परवडत नाही!

सिडकोची ताई: तारीखही बघा. घोडी साधारण अकरा महिने गाभण असते आणि आपल्याकडे थरोब्रेडचं वय १ जानेवारीला वाढतं. डिसेंबरअखेर व्याली तर आठवड्याचं शिंगरू कागदावर वर्षाचं!

मखमलाबादकर: मग रेस राहू दे. मारवाडीच लावतो, कान तरी आत वळलेले येतील.