गावी आणि गावी दी गावी या इटालियन पांढऱ्या वाईन, फरक काय नक्की?

मिलानला आलोय कामासाठी, शनिवारी ऑफिसातले दोघं जेवायला येतायत. दुकानात एका बाटलीवर नुसतं गावी आणि दुसरीवर गावी दी गावी, दुसरी बरीच महाग. खरंच वेगळी असते का नावाचेच पैसे? आणि सोबत काय बनवू?

द्राक्षवेडा: द्राक्ष एकच रे, कोर्तेझे, १०० टक्के तेच. उत्तर इटलीतल्या पिएमोंतेत आलेस्सांद्रिया प्रांतातली ११ गावं मिळून हा भाग होतो, त्यातल्या खुद्द गावी गावच्या हद्दीतली द्राक्षं असली की गावी दी गावी लिहितात. म्हणजे पत्ता कळतो, दर्जाची हमी नाही. डीओसीजी, म्हणजे इटलीतला वाईनचा सर्वांत वरचा सरकारी शिक्का, १९९८ पासून दोन्हींना आहे. मी तर साधीच घेतो.

खादाडमावशी: अरे पेस्तो (बेसिलची चटणी) घालून पास्ता कर ना! गावी पिएमोंतेत असलं तरी पूर्वी जेनोआच्या राज्यात होतं, समुद्र जवळ, त्यामुळे लिगुरियाचं, म्हणजे जेनोआच्या किनारी भागाचं जेवण, मासे, अँचोवी, फोकाचा ब्रेड, सगळं मस्त जमतं. लिंबासारखी आंबट आणि हलकी असते ती, म्हणून टोमॅटोचा घट्ट मटण रस्सा वगैरे नको, वाईन कुठे गेली कळणार पण नाही.

प्रश्नकर्ता: थँक्स मावशी, पेस्तो फिक्स. फ्रीजमध्ये किती वेळ ठेवू?

द्राक्षवेडा: दोन-तीन तास पुरे, ८ ते १० डिग्री. बर्फ टाकू नकोस फक्त 😄