टीईएमवर रात्रभर आपोआप फोटो घ्यायचे आहेत, कॉम्प्युटर कसे मांडावेत? (सोलापूर)

डाळिंब_छेद:
मंडळी, नमस्कार. सोलापुरात डाळिंबाच्या तेल्या रोगावर काम करणाऱ्या छोट्या प्रयोगशाळेत आहे. आमच्याकडे १२० केव्हीचा सेकंडहँड टीईएम (पातळ छेदातून इलेक्ट्रॉन पाठवून फोटो घेणारा मायक्रोस्कोप) येतोय, सोबत ४०९६ × ४०९६ पिक्सेलचा सीमॉस कॅमेरा. पानाच्या ७० नॅनोमीटर जाडीच्या छेदांत रोगाचे जिवाणू पानाच्या पेशींमधल्या पोकळीत नेमके कुठे साठतात ते बघायचंय. एकेक फोटो काढत बसण्यापेक्षा अख्ख्या छेदाचं मोंटाज (शेजारशेजारचे फोटो जोडून एक मोठं चित्र) सीरियलईएमवर, म्हणजे मायक्रोस्कोप आणि कॅमेरा आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, रात्रभर लावून ठेवायचा विचार आहे.

विक्रेत्याने एकच दणदणीत मशीन सुचवलंय: दोन ग्राफिक्स कार्डं, २५६ जीबी रॅम, १० गिगाबिट नेटवर्क. मायक्रोस्कोप, कॅमेरा, फोटो जोडणं सगळं त्यावरच. मायक्रोस्कोपचा मूळ कॉम्प्युटर विंडोज ७ चा आहे. आमचे आयटीवाले म्हणतात, जानेवारी २०२० पासून त्याला अपडेट नाहीत, फेकून द्या. सोमवारी सरांपुढे कोटेशन ठेवायचंय. काय करू?

ग्रिडबॉक्स:
कोटेशन जरा थांबवा, आधी गुणाकार करा. (मी पुण्यात टीईएम चालवते, माहेर अक्कलकोट रोडचं. त्यामुळे तुमच्याकडची वीज आणि उन्हाळा दोन्ही ठाऊक आहेत.)

४०९६ × ४०९६, प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट, म्हणजे एक फोटो साधारण ३३.५ एमबी. स्टेज (नमुना धरणारा भाग) सरकणार, थरथर थांबायची वाट बघणार, मग फोटो. यात दहा सेकंद धरा. दहा तासांच्या रात्रीत ३६०० फोटो, म्हणजे सुमारे १२० जीबी. ऐकायला मोठं वाटतं, पण सेकंदाला पडतात जेमतेम साडेतीन एमबी! साधं गिगाबिट नेटवर्क सेकंदाला शंभराच्या वर एमबी नेतं. रात्रभराचा माल सकाळी वीसेक मिनिटांत दुसरीकडे जाईल. १० गिगाबिट कशाला?

ते लागतं डायरेक्ट डिटेक्टरला, म्हणजे इलेक्ट्रॉन थेट टिपणाऱ्या वेगवान कॅमेऱ्याला. उदाहरणार्थ गॅटन कंपनीचा के३: ५७६० × ४०९२ पिक्सेल, आणि एकेक फोटो म्हणजे चाळीसेक फ्रेमची फिल्म. एका फिल्मला जवळपास एक जीबी, आणि अशा फिल्म एकामागून एक. तुमच्या विक्रेत्याने तिथलं कोटेशन उचलून तुम्हाला दिलंय. कॅनॉलच्या पाइपने कुंडीला पाणी घालण्यातला प्रकार.

आता आयटीवाल्यांचं. त्यांचं अर्धं बरोबर आहे, विंडोज ७ इंटरनेटला लागताच कामा नये. पण फेकायचं अजिबात नाही! त्या डब्यात मायक्रोस्कोपशी बोलणारी कार्डं, जुने पोर्ट आणि लायसन्स असतात, आणि ते सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेलच याची हमी नाही. मशीन आल्या आल्या त्याच्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब प्रत) काढा, क्लोन दुसऱ्या डिस्कवर टाकून सुरू होतो का बघा, एक जादा पॉवर सप्लाय कपाटात ठेवा. त्यापुढे त्याला हात लावायचा नाही.

म्हणजे मशिनं तीन. मायक्रोस्कोपचं जुनं तसंच. कॅमेऱ्याचं दुसरं. त्यावरच सीरियलईएम बसवता येतं, आणि जुन्या मशीनवर त्याचा एक छोटा सर्व्हर प्रोग्रॅम चालतो. ही दोन्ही आपसात खासगी नेटवर्कवर, आयपी पत्ते ठरवून दिलेले. तिसरं शेजारच्या खोलीत, फोटो जोडणीचं. त्यात दोन नेटवर्क कार्डं, एक आतल्या बाजूला, एक संस्थेच्या नेटवर्ककडे. दोन्हींचा ब्रिज (दोन्ही नेटवर्क एकमेकांना जोडणं) कुणी करू नये म्हणून मी चक्क स्टिकर लावलाय. शेजारची खोली अशासाठी की पाचशे वॅट खाणारं मशीन तेवढीच उष्णता सोडतं, आणि मे महिन्यात सोलापूरचा एसी आधीच रडत असतो.

फोटो कॅमेऱ्याच्या मशीनवरच्या एसएसडीवरच लिहा, थेट नेटवर्कवर कधीच नको. नेटवर्कचा स्विच एकदा अडखळला की रात्र गेली. सकाळी रोबोकॉपीने (विंडोजमधली फाइल कॉपी करायची कमांड) तिसऱ्यावर न्या, तिथे मोठ्या हार्ड डिस्कची जोडी लावा. रॅमचं म्हणाल तर २० × २० फोटोंचं मोंटाज, दहा टक्के ओव्हरलॅप धरून, एका बाजूला सुमारे ७४,००० पिक्सेल होतं. १६ बिटमध्ये अकरा जीबी. ६४ जीबी रॅम भरपूर झाली.

आणि हे सगळ्यात आधी विचारायला हवं होतं: तुमच्या कॅमेऱ्याला सीरियलईएम आधार देतं का? नसेल तर वरचं सगळं मुसळ केरात. त्यांच्या संकेतस्थळावर बघा. तोवर घरच्या विंडोज लॅपटॉपवर सीरियलईएम मायक्रोस्कोपशिवाय बसवून त्यातल्या नेव्हिगेटरचा (फोटो कुठे घ्यायचे त्या जागा ठरवायची खिडकी) सराव करा. फुकट आहे.

सातरस्ता_पॉवर:
नमस्कार, मी यूपीएसचं काम करतो. मॅडमनी यूपीएसचं काढलंच नाही म्हणून लिहितो. ‘ऑनलाइन’ प्रकारचाच यूपीएस घ्या, पूर्व भागातल्या लाइनवर यंत्रमाग सुरू-बंद होताना व्होल्टेज कसं नाचतं ते मी रोज मोजतो. चिलर (मायक्रोस्कोपचं पाणी थंड ठेवणारं यंत्र) यूपीएसवर घ्यायचा का, ते मायक्रोस्कोपवाल्यांना आधी विचारा, मोटर सुरू होतानाचा झटका मोठा असतो. बॅटऱ्या जिन्याखाली ठेवू नका हो, एसीतच ठेवा. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं होतं, आणि आपल्याकडे जिन्याखाली मे महिन्यात काय असतं ते सांगायला नको. लाइट गेल्याचा निरोप कॅमेऱ्याच्या मशीनला देणारी केबलही मागून घ्या, लोक ती खोक्यातच ठेवतात.

डाळिंब_छेद:
दोघांचेही आभार. यादीत बघितलं, कॅमेरा आहे. एकच शंका: रात्री घरून स्क्रीन बघता येईल का? होटगी रोडवरून रात्री अकराला परत येणं जिवावर येतं.

ग्रिडबॉक्स:
येईल, पण विंडोजचं रिमोट डेस्कटॉप वापरू नका, ते तिथली चालू स्क्रीन लॉक करून बसतं. व्हीएनसी नावाचं सॉफ्टवेअर घ्या, तीच स्क्रीन तशीच दिसते. संस्थेच्या व्हीपीएनमधून (बाहेरून आत यायची सुरक्षित वाट) तिसऱ्या मशीनवर, तिथून आत. कॅमेऱ्याच्या मशीनवर स्लीप बंद, आपोआप अपडेट बंद, अँटिव्हायरसमधून डेटाचं फोल्डर वगळा. एरर आल्यावर खिडकी उघडून सकाळपर्यंत ‘ओके’ची वाट बघणारी स्क्रिप्ट असेल तर तीही दुरुस्त करा. दुसरं ग्राफिक्स कार्ड कोटेशनमधून काढा आणि त्या पैशात सातरस्तावाल्यांचा यूपीएस बसवा. सोमवारी सर काय म्हणाले ते इथे कळवा.