ग्राहक संरक्षण कायद्यामुळे मोठ्या सुपरमार्केटच्या कामकाजात नेमके काय बदलते?

वाणिज्यवाचक:
नमस्कार. मी महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले की, दहा-पंधरा रुपयांसाठी कोणी जिल्हा ग्राहक आयोगात जात नाही हे दुकानदारालाही ठाऊक असते. मग शेकडो दुकाने असलेल्या साखळीने या कायद्याची फिकीर का करावी? पाठ्यपुस्तकात ग्राहकाचे सहा हक्क दिलेले आहेत, परंतु सुपरमार्केटच्या रॅकवर, काट्यावर किंवा बिलिंग काउंटरवर ते कोठे दिसतात, याबद्दल एक ओळही नाही. कोपऱ्यावरच्या वाण्यालाही हाच कायदा लागू आहे, तर मोठ्या दुकानाचे वेगळेपण कशात आहे? जाणकारांनी कृपया लिहावे.

तारीख_पे_तारीख:
सर, आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर कागदी पिशवीच्या वादात सापडते. बिग बझारने पिशवीचे वेगळे पैसे लावल्याबद्दल चंडीगडमधील ग्राहकांनी तक्रारी केल्या आणि त्या राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगापर्यंत गेल्या. रक्कम अगदीच किरकोळ होती. तरीही 22 डिसेंबर 2020 रोजी आयोगाने दुकानाविरुद्ध निर्णय दिला. पिशवी फुकटच दिली पाहिजे, असे आयोगाने म्हटले नव्हते, हे लक्षात घ्यावे, कारण वृत्तपत्रांतील मथळ्यांमुळे तसा समज पसरला आहे. आक्षेप असा होता की, ग्राहक सामान निवडून रांगेतून काउंटरपर्यंत आल्यावर त्याला पिशवीचे पैसे पडतील असे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पिशवीचा दर आणि तिचे स्वरूप त्याला आत शिरण्यापूर्वी, दुकान निवडतानाच कळले पाहिजे.

आता वेगळेपण पाहा. वाण्याने एका गिऱ्हाइकाकडून जास्त पैसे घेतले तर तो एक व्यवहार असतो, परंतु साखळीच्या मुख्यालयाने संगणकात एक दर भरला की तो सगळ्या दुकानांत एकाच दिवशी लागू होतो आणि त्याला आपोआप प्रथेचे स्वरूप येते. आयोगाला ती प्रथा बंद करण्याचा आदेश देता येतो. नुकसान झालेले ग्राहक पुष्कळ असतील आणि त्यांना सहज शोधून काढता येत नसेल, तर विकलेल्या सदोष मालाच्या किमतीच्या किमान 25 टक्के रक्कम भरायला लावण्याचीही तरतूद आहे. शिवाय ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो तेथील आयोगात त्याला तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. त्यामुळे कंपनीचे कार्यालय मुंबईत असले, तरी वकील परभणीला पाठवावा लागतो.

गोदामपाल:
मी एका साखळीच्या दुकानात अनेक वर्षे मालाची आवक आणि रॅक सांभाळली आहे. आमच्यासाठी आयोग दूर होता. रोजची धाकधूक वजन-मापे तपासणाऱ्या वैध मापन शास्त्र विभागाच्या निरीक्षकाची असे. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते, छापील एमआरपीपेक्षा जास्त दराने विकता येत नाही आणि छापलेली किंमत खोडून वाढवता येत नाही.

खरी गुंतागुंत मात्र दुकानाच्या स्वतःच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालात आहे. ग्राहकासमोर पोत्यातून तूरडाळ मोजून दिली, तर ती सुटी विक्री होते. तीच डाळ आधीच एक-एक किलोच्या पिशव्यांत भरून ठेवली की ती आवेष्टित वस्तू ठरते आणि 2011 च्या नियमांप्रमाणे भरणाऱ्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क, एवढे सगळे त्या पिशवीवर छापावे लागते. 2021 च्या दुरुस्तीने ग्रॅममागे किंवा किलोमागे पडणारा दरही त्यात आला. माझ्या मते सामान्य ग्राहकाला सर्वांत उपयोगी पडणारी हीच तरतूद आहे, कारण ‘मोठा पुडा म्हणजे स्वस्त’ हा समज ती तिथल्या तिथे तपासून देते. दुर्दैवाने तो आकडा इतका बारीक छापतात की चष्मा विसरलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट ऑफरची. मुख्यालय संगणकातला दर बदलते, पण रॅकवरची चिठ्ठी माणसाने बदलायची असते. शनिवार-रविवारी ऑफर संपली आणि सोमवारी चिठ्ठी तशीच राहिली की काउंटरवर भांडण ठरलेले. त्यात लबाडी नसते, मनुष्यबळ कमी असते; ग्राहकाच्या दृष्टीने मात्र दोन्हींत फरक नाही.

निरंकुश:
तारीख_पे_तारीख यांनी रंगवलेले चित्र मला जरा उजळ वाटते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी जास्तीत जास्त दहा लाख रुपये दंड करू शकते. मोठ्या साखळीच्या उलाढालीपुढे ती रक्कम किती? बिलासाठी मोबाइल क्रमांकाची सक्ती करू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे 2023 मध्ये विक्रेत्यांना कळवले, तरी काउंटरवर पहिला प्रश्न आजही ‘नंबर सांगा’ हाच असतो.

वाणिज्यवाचक:
सर्वांचे आभार. एक शंका राहते. दुसऱ्या कंपनीचा सीलबंद पुडा खराब निघाला, तर सुपरमार्केट ‘उत्पादकाकडे जा’ म्हणून हात झटकू शकते का?

तारीख_पे_तारीख:
नेहमीच नाही. उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष मालामुळे झालेल्या हानीच्या भरपाईच्या प्रकरणात विक्रेत्यावर काही ठरावीक परिस्थितींतच जबाबदारी येते. उदाहरणार्थ, त्याने मालात बदल केला, स्वतःहून वेगळी हमी दिली, माल नीट तपासला किंवा सांभाळला नाही, किंवा उत्पादक कोण हेच कळत नाही. खाद्यपदार्थांबाबत 2006 चा अन्न सुरक्षा कायदा अधिक थेट आहे: मुदत संपल्यानंतर विकलेल्या किंवा अस्वच्छ स्थितीत ठेवलेल्या पदार्थासाठी विक्रेता स्वतः जबाबदार असतो.

गोदामपालांचा मुद्दा येथे पुन्हा महत्त्वाचा ठरतो. दुसऱ्याने बनवलेल्या मालावर जो आपले चिन्ह लावतो, त्यालाही 2019 चा कायदा ‘उत्पादक’च म्हणतो. म्हणजे स्वतःच्या नावाची डाळ, साबण किंवा फरसाण विकणाऱ्या सुपरमार्केटला बोट दाखवायला दुसरा उत्पादक उरत नाही. निरंकुश यांचे दंडाबद्दलचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु या व्याख्येमुळे पुरवठादाराची निवड, प्रयोगशाळेतील तपासणी आणि प्रत्येक बॅचची नोंद यांचा खर्च साखळीला आधीच करावा लागतो, आणि तो दंडाहून बराच मोठा असतो.