‘स्पेक्टेटर’ रेणूला काय म्हणावं : प्रेक्षक की बघ्या?

दुधनाकाठ : गाडीचा धूर स्वच्छ करणाऱ्या उत्प्रेरकावर विद्यार्थ्यांसाठी लेख लिहायलेय. दोन शब्दांवर अडले. ‘इंटरमीजिएट’, म्हणजे अभिक्रियेच्या वाटेत तयार होऊन पुढं बदलून जाणारा. ‘स्पेक्टेटर’, म्हणजे पृष्ठभागावर असूनही अभिक्रियेत भाग न घेणारा. ‘मध्यस्थ’ आणि ‘प्रेक्षक’ चालतील का?

मांजरा : ताई, ‘मध्यस्थ’ नको. मध्यस्थ दोघांचं जुळवून देतो आणि स्वतः होता तसाच राहतो. हे तर उत्प्रेरकाचं वर्णन झालं! इंटरमीजिएट स्वतःच संपतो. ‘मधलं रूप’ म्हणा.

‘प्रेक्षक’ही पटत नाही. तो बघायलाच आलेला असतो, समोर बसलेला असतो. इथं हवा ‘बघ्या’, कारण तो काम करणाऱ्यांच्या गर्दीतच मिसळलेला असतो. उसाची ट्रॉली काळ्या रानात रुतली की वीस जण जमतात. फोटो काढला तर सगळे ट्रॉलीला खेटूनच दिसतात. कोण ढकलायलंय अन् कोण नुसतंच उभंय, हे ट्रॉली हलली की कळतं. ढकलणारे तिच्यासोबत सरकतात, बघे जागेवरच राहतात.

जलद स्पेक्ट्रोस्कोपीत, म्हणजे रेणू कोणता प्रकाश शोषतात ते झटपट टिपण्याच्या तंत्रात, नेमकं हेच बघतात. उत्प्रेरकावरून जाणारा वायू एकदम बदलायचा आणि मिलिसेकंदांच्या अंतरानं अवरक्त वर्णपट घेत राहायचे. त्यात बहुतेक रेणूंचा आपापला पट्टा दिसतो. नायट्रोजन अवरक्तात दिसत नाही, म्हणून बाहेर पडणारा नायट्रोजन वस्तुमानमापकानं मोजायचा. त्याच्या पावलावर पाऊल टाकून ज्याचा पट्टा बदलतो, ते मधलं रूप असू शकतं. जो ढिम्म हलत नाही, तो बघ्या.

उदाहरण द्याच. उत्प्रेरकातल्या ऱ्होडियम धातूवर नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड भेटले की आयसोसायनेट बनतं आणि सरकून शेजारच्या, धातूला आधार देणाऱ्या अ‍ॅल्युमिनावर जाऊन बसतं. वर्णपटात २२५० प्रति सेंटिमीटरच्या आसपास त्याचा पट्टा चांगला ठळक दिसतो. पण तिथं साचलेलं ते बहुतांशी बघ्याच असतं. ठळक दिसतो तोच कर्ता, असं धरलं की फसगत होते.

मन्याड : मोजणी इतकी जलद का करायची, त्याचं कारणही लेखात येऊ द्या. पेट्रोल इंजिनात हवा-इंधनाचं प्रमाण सेकंदाला साधारण एकदा खालीवर होत राहतं. त्यामुळं उत्प्रेरकाला स्थिर अवस्था लाभतच नाही.
शंका एकच. बघे गर्दी करून वाट अडवतात, तसं रेणूंचं झालं तर?

मांजरा : दादा, मग शब्द बदला. पेट्रोलमधलं शिसं धातूवर बसून जागा कायमची अडवायचं, त्याला ‘विष’ हाच शब्द रूढ आहे. थंड इंजिन सुरू करताना कार्बन मोनॉक्साइड प्लॅटिनम इतकं व्यापतो की ऑक्सिजनला टेकायला जागा उरत नाही. तोही बघ्या नव्हे. तो अभिक्रियेतलाच आहे, तापमान वाढलं की जागा सोडतो.

दुधनाकाठ : मग ‘मधलं रूप’, ‘बघ्या’ आणि ‘विष’ असे तिन्ही घेते. अनेकवचनी ‘बघे’च लिहीन, ‘बघ्या रेणू’ नाही.